‘जिल्हा निवडा’ या चौकटीमागे काय असतं?

गेल्या पावसाळ्यात धाराशिवहून मावसबहिणीचा फोन आला. नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. तिला जन्मापासून दिसत नाही. लॅपटॉपवर ती एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीनरीडर वापरते, म्हणजे पडद्यावर जे आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. माउस तिच्या उपयोगाचा नाही, सगळं काम कीबोर्डवर.

“दादा, हा फॉर्म जिल्हा विचारतच नाहीये. पत्ता भरून टॅब दाबते तर एकदम पिनकोडवर जातो. आणि शेवटी सबमिट केलं की म्हणतो, जिल्हा भरा.”

मी तेच पान माझ्याकडे उघडलं. चौकट जागच्या जागी होती, आणि देखणी होती. गोलसर कोपरे, उजवीकडे हिरवा बाण, क्लिक केलं की अलगद उघडणारी छत्तीस जिल्ह्यांची यादी. मग पानाच्या आतला मजकूर पाहिला. तिथे यादी नव्हतीच. एक साधा रिकामा डबा रंगवून यादीसारखा केला होता. मला रंग दिसत होता म्हणून मला यादी मिळाली. बहिणीच्या वाट्याला त्या जागी काहीच आलं नाही. शेवटी तिने मला आपला पासवर्ड सांगितला आणि एका चौकटीपुरता तिचा अर्ज मी भरला. एवढ्याशा गोष्टीसाठी तिला स्वतःचं खातं दुसऱ्याच्या हाती द्यावं लागलं, हे मला अजून टोचतं.

मी फॉर्म बनवण्याच्याच कामात आहे. ही चूक रोज होते आणि ती का होते हे माहीत असणारे थोडे आहेत. त्यातच एप्रिल २०२५मध्ये क्रोम ब्राउझरच्या १३५व्या आवृत्तीत या चौकटीबद्दलची एक जुनी अडचण सोडवण्याची सोय आली. म्हणून हा विषय मुळापासून सांगावासा वाटला.

नियम वेगळा, यंत्र वेगळं

मतदानाचं उदाहरण घेऊ. उमेदवारांची एक यादी असते आणि त्यातून एकालाच मत द्यायचं असतं. हा झाला नियम. पूर्वी हे मत कागदावर शिक्का मारून, घडी घालून पेटीत टाकायचं. आता ईव्हीएमवर निळं बटण दाबतात. कागद जाऊन यंत्र आलं तरी नियमाला धक्का लागला नाही.

ईव्हीएमच्या एका मतदान युनिटवर जास्तीत जास्त १६ नावं मावतात. नावं वाढली की शेजारी दुसरं युनिट जोडतात. डोळ्यांना दोन पेट्या दिसतात, पण यादी एकच आणि मतही दोन्हींत मिळून एकच. शिवाय बटणांच्या बाजूला ब्रेलमध्ये क्रमांक असतात. दृष्टिहीन मतदार बोटांनी तीच यादी वाचतो.

वेबफॉर्ममध्येही असंच असतं. ‘कशातून निवडायचं, किती निवडता येतील, काहीच न निवडलेलं चालेल का’ हा नियमाचा भाग झाला. त्याला रचना म्हणू. ‘ते गोल ठिपक्यांत दाखवायचं, लोंबत्या यादीत दाखवायचं की चित्रांत’ हा दिसण्याचा भाग. त्याला मांडणी म्हणू. वेबपानाची रचना एचटीएमएल या भाषेत लिहितात, मांडणी सीएसएस या भाषेत. नवीन शब्द एवढेच. लेखात पुढे जे येतं ते या दोघांच्या सीमेवरचं आहे.

गाठ बसली कधी?

फॉर्मचे घटक एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रमाणित झाले, नोव्हेंबर १९९५मध्ये. सीएसएसची पहिली आवृत्ती आली डिसेंबर १९९६मध्ये. म्हणजे फॉर्म आधी आला आणि ‘दिसणं वेगळं लिहा’ म्हणायची सोय वर्षभराने. त्या घाईत रचना आणि मांडणीची जी गाठ बसली, ती आजतागायत पूर्ण सुटलेली नाही.

एकच पर्याय घ्यायचा असेल तर एचटीएमएल दोन वेगळे घटक देतं. एक रेडिओ बटण, म्हणजे गोल ठिपके. हे नाव गाड्यांमधल्या जुन्या रेडिओवरून आलं. एक स्टेशनचं बटण दाबलं की आधीचं आपोआप वर यायचं. ज्यांनी कॅसेटचा टेपरेकॉर्डर वापरलाय त्यांच्या बोटांना हे लगेच कळेल. दुसरा घटक सिलेक्ट, म्हणजे आपली लोंबती यादी. दोन्हींचा अर्थ एकच, ‘यातून एक’. फरक फक्त दिसण्याचा. तरीही ते वेगवेगळ्या तऱ्हेने लिहावे लागतात. उद्या पर्याय तीनाचे तीस झाले आणि ठिपक्यांऐवजी यादी हवी असं वाटलं, तर मांडणी बदलून भागत नाही, रचनाच मोडून नव्याने लिहावी लागते. एकाहून जास्त निवडण्याचंही तेच. तिथे एकीकडे चौकोनी चेकबॉक्स, दुसरीकडे ‘मल्टिपल’ असा शेरा मारलेला सिलेक्ट.

सिलेक्टला आणखी एक खूण जोडता येते, ‘साइज’. यादीच्या किती ओळी एका वेळी दिसाव्यात ते ती सांगते. हा निव्वळ मांडणीचा प्रश्न, तरी रचनेच्या भाषेत जाऊन बसलाय. ‘मल्टिपल’ मात्र खरोखर रचनेचा शब्द आहे, कारण तो नियम बदलतो. दोन्ही शेजारी शेजारी लिहिले जातात, म्हणून शिकणाऱ्याला फरक उमगत नाही.

एकच यादी, तीन रूपं

तरीही सिलेक्ट हा घटक मला फार मोलाचा वाटतो. ब्राउझरला त्यातून फक्त ‘इथे एक निवडायचं आहे’ एवढं कळतं, आणि दाखवायचं कसं ते ब्राउझर आपापल्या परीने ठरवतो. संगणकावर यादी खाली लोंबते. सुरुवातीच्या आयफोनवर तोच सिलेक्ट पडद्याच्या तळाशी फिरत्या चाकासारखा यायचा. अँड्रॉइडवर मधोमध मोठी चौकट उघडते, अंगठ्याला सापडतील अशा रुंद ओळींची. फॉर्म लिहिणाऱ्याने यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

‘मल्टिपल’ सिलेक्टचं तर आणखी बोलकं. विंडोज संगणकावर एकाहून जास्त नावं घ्यायला कंट्रोल की दाबून धरावी लागते. हे ठाऊक नसलेला माणूस तीन नावं निवडतो, चौथ्यावर साधं क्लिक करतो आणि आधीची तिन्ही गमावतो. फोनवर मात्र तीच यादी चेकबॉक्ससारख्या खुणांनी उघडते आणि काही हरवत नाही. रचना तीच, फक्त तिला बरी मांडणी मिळाली.

मग लोकांनी खोट्या चौकटी का केल्या?

कारण सिलेक्टला हवा तसा सजवता येत नव्हता. बंद चौकटीची कड, रंग, अक्षरं थोडीफार बदलायची, पण उघडलेली यादी संगणकाच्या ताब्यात. पर्यायाशेजारी छोटं चित्र लावावं म्हटलं तर ब्राउझर आतलं सगळं टाकून फक्त अक्षरं ठेवायचा. ग्राहकाला मात्र सगळं आपल्या बोधचिन्हाच्या रंगात हवं असतं. डिझायनर आराखडा देतो, मुदत परवाची असते. मग फॉर्म लिहिणारा एचटीएमएलमधला ‘डिव्ह’ नावाचा बिनअर्थाचा डबा घेतो, त्याला रंग लावतो, क्लिक केल्यावर खाली दुसरा डबा उघडायची तजवीज करतो. झाली चौकट.

यात हेतू वाईट नसतो. मीही सुरुवातीची काही वर्षं अशाच चौकटी केल्या. पण खऱ्या सिलेक्टसोबत काय काय फुकट येतं हे डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ते गेल्याचंही दिसत नाही. टॅब दाबल्यावर चौकटीवर थांबणं, बाणाच्या कीने वरखाली जाणं, पहिलं अक्षर टाइप करताच त्या नावावर उडी मारणं, एस्केपने यादी मिटणं हे सगळं सिलेक्टसोबत येतं. आणि स्क्रीनरीडरला तो चौकटीचं नाव, तिचा प्रकार, ती उघडी की बंद, पर्याय किती आणि आपण कितव्यावर आहोत हेही सांगतो. रंगवलेल्या डब्याला यातलं काही येत नाही. बहिणीचा टॅब पत्त्यावरून थेट पिनकोडवर का गेला, त्याचं उत्तर हेच. कीबोर्डच्या वाटेवर त्या डब्याचा थांबाच नव्हता.

हे सगळं डब्याला शिकवता येतं. त्यासाठी एआरिया नावाच्या खुणांचा संच आहे, २०१४मध्ये प्रमाणित झालेला. ‘हा डबा यादी आहे असं समज’ असं त्यातून स्क्रीनरीडरला सांगता येतं. पण त्या खुणा फक्त सांगतात, करत काही नाहीत. बाण दाबल्यावर यादी पुढे सरकवणं वगैरे सगळं स्वतःच लिहावं लागतं. म्हणून एआरियाच्या जाणकारांचा पहिला नियमच असा, की एचटीएमएलमध्ये तयार घटक असेल तर तोच वापरा.

नाव बदलतं, खूण राहते

या विषयाची एक बाजू दृष्टिहीनांशी निगडित नाही, पण महाराष्ट्रात तिचा अनुभव घरोघरी आलाय.

सिलेक्टमधल्या प्रत्येक पर्यायाला दोन अंगं असतात. एक आपल्याला दिसणारं नाव, दुसरं आतून पाठवली जाणारी किंमत. नाव माणसांसाठी, किंमत नोंदवहीसाठी. गाडीच्या पाटीचं बघा. उस्मानाबादचं धाराशिव झालं तरी एमएच २५ तेच राहिलं. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं तरी एमएच १६ तेच. दिसणारं नाव बदललं, खूण बदलली नाही, म्हणून जुन्या पाट्या खोट्या ठरल्या नाहीत.

आता कुणी आळस करून यादीतला अनुक्रमांकच किंमत म्हणून ठेवला असं समजा. मराठी वर्णक्रमाने ३५ जिल्ह्यांच्या जुन्या यादीत पुणे १९वं येतं. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, परभणी आणि पुण्याच्या मधे बसला आणि १९ झाला. नोंदवहीत ‘१९’ लिहिलेले सगळे पुणेकर त्या दिवसापासून पालघरचे. नामांतराने तर आणखी उलथापालथ. उस्मानाबाद चौथं होतं, धाराशिव आज बारावं येतं. चौथ्या जागेवर आता कोल्हापूर आहे. यादी कुठल्या क्रमाने दाखवायची हा मांडणीचा प्रश्न आहे, तिच्यावर माणसाची ओळख टांगली की असं होतं. यादी इंग्रजी लिपीत दाखवली तर पहिलं नाव अहिल्यानगर येतं, मराठीत अकोला. भाषा बदलल्याने कुणाचा जिल्हा बदलता कामा नये.

२००३ सालचं उत्तर

हा घोळ कुणाच्या लक्षातच आला नव्हता असं नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ऑक्टोबर २००३मध्ये एक्सफॉर्म्स नावाची नवी पद्धत जाहीर केली. त्यात ठिपके आणि यादी असा भेदच नव्हता. दोनच घटक होते, ‘सिलेक्ट-वन’ म्हणजे एक निवडा आणि ‘सिलेक्ट’ म्हणजे हवे तितके निवडा. दिसण्याबद्दल फक्त सुचवता यायचं. ‘फुल’ म्हणजे सगळे पर्याय समोर मांडा, ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे काही दाखवा आणि बाकीचे सरकवून पाहू द्या, ‘मिनिमल’ म्हणजे कमीत कमी जागा घ्या आणि मागितल्यावर उघडा. ती सूचना पाळायची की नाही हे उपकरण ठरवणार. फोनवर निवड आवाजानेही करून घेता आली असती.

मला ही आखणी आजही सुंदर वाटते. पण ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती उचलली नाही. ती वापरायची तर जुन्या एचटीएमएल फॉर्मपासून बरंच दूर जावं लागत होतं, आणि चालू असलेली असंख्य पानं तशीच चालत राहणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. २००४मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी वेगळा गट करून जुन्याच एचटीएमएलला वाढवत नेलं. ठिपके आणि यादीतली भिंत तशीच राहिली.

“पण दिसण्याचाही उत्तरावर परिणाम होतो ना?”

होतो, आणि हा आक्षेप रास्त आहे. कागदी मतपत्रिकेवर दोन शिक्के पडले की मत बाद व्हायचं. ईव्हीएमवर दुसऱ्यांदा बटण दाबलं तरी काही बिघडत नाही. मांडणीनुसार चुका बदलतात. होय आणि नाही, एवढ्या दोन पर्यायांसाठी लोंबती यादी ठेवणं म्हणजे उगाच दार लावून ठेवणं. दोन ठिपके समोर असले की एका नजरेत काम होतं. छत्तीस जिल्हे ठिपक्यांत मांडले तर अख्खा पडदा भरतो. ही निवड विचारपूर्वकच करायची असते. माझं म्हणणं इतकंच, की ती करताना नियम हलता कामा नये.

मांडणीच्या वेषात नियम घुसतो त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे आधीच निवडलेला पहिला पर्याय. यादीत ‘अकोला’ आधीच बसलेलं असेल आणि माणूस घाईत पुढे गेला, तर तो अकोल्याचा होतो. फॉर्म लिहिणाऱ्याला वाटतं की चौकट रिकामी दिसू नये म्हणून आपण काहीतरी ठेवलं. प्रत्यक्षात त्याने माणसाच्या वतीने उत्तर दिलेलं असतं.

ठिपक्यांचंही एक वैगुण्य आहे. एकदा एक ठिपका भरला की तो परत रिकामा करता येत नाही, फक्त दुसऱ्यावर जाता येतं. म्हणून ‘यापैकी काही नाही’ हा पर्याय स्वतः लिहावा लागतो. मतदारांनाही आपल्याकडे तो बऱ्याच उशिरा मिळाला. सप्टेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि यंत्रावर नोटाचं बटण आलं. ते बटण सजावट नव्हतं, त्याने नियमात भर घातली.

“बहुतेकांचं काम होतंय ना?”

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, आणि माहिती व सेवा सगळ्यांना वापरता येतील अशा असाव्यात हे त्यात आलंय. पण कायदा बाजूला ठेवला तरी कीबोर्डवर कोण कोण काम करतं ते बघा. हात थरथरणारे आजोबा, ज्यांना माउस नेमका धरता येत नाही. मनगट दुखावलेली टंकलेखिका. आणि सेवा केंद्रात बसलेला मुलगा, दिवसभर एकामागून एक अर्ज भरणारा. त्याचा हात कीबोर्डवरून उठत नाही. टॅब, ध, टॅब. खोटी चौकट आली की प्रत्येक अर्जामागे माउस शोधावा लागतो आणि बाहेरची रांग लांबते.

यात मराठीची एक अडचण आहे, तीही सांगायला हवी. यादी देवनागरीत आणि कीबोर्ड इंग्रजीवर असेल तर ‘डी’ दाबून धाराशिव सापडत नाही. त्यासाठी कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो, किंवा दोन्ही लिप्यांत शोधता येईल अशी टाइप करायची चौकट द्यावी लागते. अशा चौकटीसाठी एचटीएमएलमध्ये ‘डेटालिस्ट’ आहे, पण तिथे यादी फक्त सूचना देते, बाहेरचं काहीही लिहिता येतं. म्हणजे नियम पुन्हा वेगळा झाला.

नवीन काय आलं?

आता सीएसएसमध्ये ‘अपिअरन्स: बेस-सिलेक्ट’ एवढं लिहिलं की खराखुरा सिलेक्ट ब्राउझरच्या ठरीव रूपातून मोकळा होतो. उघडलेली यादी, बाण, निवडलेल्या ओळीची खूण, सगळं सजवता येतं. पर्यायात चित्रही ठेवता येतं. आत मात्र तोच सिलेक्ट राहतो. टॅब थांबतो, बाण चालतात, स्क्रीनरीडरला सगळं कळतं. ज्या ब्राउझरला ही सोय येत नाही तो चित्रं गाळून साधी यादी दाखवतो. दिसणं साधं झालं तरी अर्ज अडत नाही.

याची किंमतही आहे. ही सजावट स्वीकारली की फोनची स्वतःची, अंगठ्याला सवयीची चौकट उघडत नाही. मग लहान पडद्यावर यादी नीट बसवणं आपल्यावर आलं. म्हणून छत्तीस जिल्ह्यांच्या सरकारी अर्जाला माझ्या मते साधा सिलेक्टच बरा. रंगांचे नमुने किंवा कपड्यांचे प्रकार निवडायचे असतील तिथे नव्या सोयीचा खरा उपयोग. आणि ठिपके-यादीतली ती १९९५ची भिंत याने पडलेली नाही, हेही लक्षात असू द्या.

तुमच्यासमोरचा फॉर्म तपासायचा तर

माउस बाजूला ठेवा आणि टॅब दाबत जा. चौकटीवर थांबतो का? बाणाने पर्याय बदलतात का? ठिपक्यांचा फॉर्म असेल तर ठिपक्यावर नाही, शेजारच्या शब्दावर क्लिक करा. ठिपका भरला नाही तर शब्द आणि ठिपका एकमेकांना जोडलेलेच नाहीत, फक्त जवळ जवळ छापलेत. गोल ठिपके असूनही दोन निवडले गेले तर मांडणी एक सांगतेय आणि रचना दुसरंच.

बहिणीच्या त्या अर्जाबद्दल मी संबंधितांना सविस्तर ईमेल केली होती, डब्याच्या जागी सिलेक्ट कसा बसेल ते लिहून. उत्तर आलं नाही, पण दीडेक महिन्याने पुढच्या भरतीचा फॉर्म आला तेव्हा चौकट बदललेली होती. बहिणीने फोन स्पीकरवर ठेवला आणि मला ऐकवलं. टॅब दाबल्यावर एनव्हीडीए म्हणाला, जिल्हा, कॉम्बो बॉक्स. तिने ध दाबला. धाराशिव, ३७ पैकी १३.

“दादा, आपले जिल्हे छत्तीस ना? मग सदतीस कसे?”

मी पान उघडून पाहिलं. यादीत सगळ्यात वर ‘जिल्हा निवडा’ ही सूचना त्यांनी एक पर्याय म्हणून घातली होती. तीही मोजली जात होती.